वरच सरकणारी ओळ

मी मूळची बावड्याची. पुण्यात कॉम्प्युटर शिकून बारामतीत दोन खोल्यांच्या एका कंपनीत नोकरीला लागले, तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगी टायपिंग करते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याला शेतकी ऑफिससाठी प्रोग्राम हवा होता. कुणाचा ऊस, लागण म्हणजे लावणी कधीची, तोडीचा नंबर कितवा, सगळं पडद्यावर दिसायला हवं. ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पडद्यावरची बटणं आणि याद्या मी काही शून्यातून रचल्या नव्हत्या. त्यासाठी कंपनीने एक तयार सांगाडा विकत आणला होता. माऊसचं बटण दाबलं, बाण हलला, बटण सोडलं, हे सगळं आधी त्या सांगाड्याकडे जायचं. माणसाच्या मनात काय आहे ते तो ठरवायचा आणि मग माझ्या प्रोग्रामला कळवायचा. नावावर बटण दाबून सोडलं की त्या शेतकऱ्याची माहिती उघडायची. दाबून धरून ओढलं की ती ओळच यादीत वर-खाली हलायची. ओढायची सोय शेतकी अधिकाऱ्यांनी हट्टाने मागून घेतली होती, कारण एखाद्या रानाची वाट चिखलात बंद झाली की त्याचा नंबर मागे घ्यावा लागतो.

हा पडदा चालवायचे तात्या. शेतकी ऑफिसातले जुने कारकून, रिटायर व्हायला आलेले, बोलायला मोजके. माऊस पहिल्यांदा हातात दिला तेव्हा त्यांनी तो उलटा करून पोटाकडून पाहिला होता आणि म्हणाले होते, "बरं हाय, चावत न्हाय म्हंजी झालं." मी शिकवलं तेवढं ते निमूट शिकले. मला तर शिकवताना लवकर राग येतो, पण त्यांच्यावर कधी आला नाही.

हंगाम तोंडावर आला आणि तोडीच्या नंबरांची यादी फळ्यावर लागली. दुसऱ्याच दिवशी, मी प्रोग्रामच्या कामाला तिथे असतानाच, ऑफिसात पाच-सहा बागायतदार शिरले. त्यांचा म्होरक्या असा की त्याला माईक लागू नये. "तात्यांच्या व्याह्याचा ऊस वर कसा आला? लागण आमची आधीची!" तात्यांची मुलगी कोऱ्हाळे बुद्रुकला दिलेली, आणि तिच्या सासऱ्याचं नाव खरोखरच बरंच वर चढलं होतं. आमच्याकडे उसाचा नंबर मागे गेला की ऊस वाळतो, वजन घटतं आणि पुढचं पीक लांबतं. त्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

यादीला हात तोवर फक्त तात्यांचा लागला होता. अधिकारी म्हणाले, "हंगाम सुरू व्हायच्या आत उलगडा झाला नाही तर यांना टेबलावरून उठवावं लागेल." सगळी नोकरी बिनडागाची काढलेला माणूस जाता जाता व्याह्यापायी चोर ठरणार होता. तात्या एवढंच म्हणाले, "मी न्हाय हलवलं." मग अधिकारी माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "शेजारी बसून बघते, मग सांगते."

दुपारभर मी तात्यांच्या बाजूला स्टूल टाकून बसले. ते आधी चिठ्ठ्यांवर शिक्के मारत होते. शिक्का टेकवायचा, दाबायचा, मग मनगट किंचित पुढे लोटायचं म्हणजे वरच्या कडेची अक्षरं नीट उठतात, आणि मग उचलायचा. इतक्या वर्षांत त्या हाताला दुसरं दाबणं ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. "आमचा नंबर कधी?" हा प्रश्न ते येता-जाता विचारायचे, आणि मुलीच्या सासऱ्याला 'कितींदा विचारता' असं कोण म्हणेल? तात्यांनी माऊस धरला, नावावर बटण दाबलं, मनगट किंचित पुढे लोटलं आणि सोडलं.

माहिती उघडलीच नाही. व्याह्यांची ओळ मात्र एक घर वर गेली.

मी जवळजवळ ओरडलेच. माऊस पुढे सरकला की बाण वर जातो. दाबल्यावर बाण केसभर हलला तरी सांगाडा त्याला ओढणं समजत होता. म्हणून ओळ वरच जायची, खाली कधीच नाही. तात्या आपले "उघडंना" म्हणून पुन्हा दाबायचे, की ती आणखी वर. आणि त्यांना सगळ्यात जास्त वेळा उघडावं लागायचं ते व्याह्यांचंच नाव. ओळ हलताना त्यांना दिसतही नव्हती, कारण चष्मा जवळचा, पडदा हातभर लांब आणि अक्षरं मुंगीएवढी.

सांगाड्याचा कोड आमच्याकडे होता. मी त्यात शिरले आणि नियम बदलला. बटण दाबल्याबरोबर निकाल द्यायचा नाही, थांबायचं. बाण ठरावीक अंतराबाहेर गेला तरच ते ओढणं. त्याच्या आत कितीही थरथरला तरी ते साधं दाबणंच. ते अंतर ठरवताना मात्र घाम निघाला. जास्त ठेवलं तर अधिकाऱ्यांना खरंच ओढायचं असताना ओळ ढिम्म हलेना, कमी ठेवलं तर तात्यांच्या हाताखाली पुन्हा उडी मारे. शेवटी शिक्का आणि शाईचं पॅड टेबलावर घेऊन मीच तात्यांसारखी दाबायला शिकले आणि मधलं माप धरलं.

मग अधिकाऱ्यांनी त्या बागायतदारांना बोलावलं. मी मुद्दाम आधी जुना प्रोग्राम लावला आणि म्होरक्याला म्हटलं, "आबा, आता तुमचंच नाव उघडायला सांगा." तात्यांनी त्यांच्या सवयीने दाबलं. नाव वर गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. आबा पडद्याला नाक लावून म्हणाले, "आरं, माझा बी चालला की वर! ऱ्हाऊ द्या तितंच!" सगळे हसले. नंतर नवा लावला. तात्यांनी दाबलं, माहिती उघडली, ओळ जागची हलली नाही. यादी लागणीच्या तारखेप्रमाणे पुन्हा लावली गेली आणि व्याही आपल्या जागी खाली गेले. आबांनी सगळ्यांसमोर तात्यांना हात जोडले.

माणसं पांगल्यावर मी तात्यांना विचारलं, "पहिल्या दिवशीच 'मशीननं केलं' म्हणाला असता तर सगळ्यांनी मानलं असतं. का नाही म्हणालात?" खरं होतं ते. नवं यंत्र, नवी पोरगी. कारखान्याने प्रोग्राम परत धाडला असता आणि कंपनीने मला घरी.

तात्या चष्मा पुसत म्हणाले, "मशीननं केलेलं मी बघितलं न्हवतं. माझ्यावर न बघता आळ आला, तवा कसं वाटतं ते कळलं हुतं. त्योच तुझ्यावर घालू व्हय, पोरी?"

मी वाकून त्यांच्या पाया पडले.