उजव्या गालाचा स्पंज

चेहरा रंगवण्यासाठी स्पंज कसा निवडावा, हे मला माझ्या पत्नीने दाखवले. आभार मानण्याची आमच्या घरात रीत नव्हती. म्हणून हे लिहून ठेवतो.

झाशीच्या लोको शेडमध्ये मी वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन होतो. इंजिनातील पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी एकदा फुटली आणि वाफेने माझा उजवा गाल भाजला. जखम भरली, वर आलेली कातडी मात्र गुलाबी, पातळ आणि ताणलेली राहिली. तेव्हापासून मी तोंडाला गमछा गुंडाळून कामावर जाई. घरातही त्या गालाला कोणी हात लावलेला मला खपत नसे.

गणेशोत्सवात रेल्वेतील मराठी कुटुंबांचे नाटक होई. राजाची भूमिका माझ्याकडे ठरलेली असे. गाल भाजला त्या वर्षी नकार द्यायचा, असे मी ठरवले.

"नाही म्हणायचं तर स्वतः जाऊन सांगा," पत्नी म्हणाली. "मी निरोप नेणार नाही."

चार लोकांपुढे जाऊन सांगण्याचे धैर्य असते, तर नकाराचे कारणच उरले नसते. मी गप्प राहिलो. तिने तो होकार धरला.

ती झाशीतल्या जुन्या मराठी घराण्यातली. बाजारातल्या हिंदीत तिला कोणी हरवू शकत नसे. बड्या बाजारात ती मला सोबत घेऊन गेली. एकेक स्पंज मुठीत दाबून सोडी. लगेच फुगून मूळ आकारात न येणारा बाजूला सारी. मोठ्या छिद्रांचा नको, त्याने रंगाचे ठिपके उठतात. मग तो स्वतःच्या पापणीवर टेकवून पाही. तिथे टोचला नाही, तर माझ्या गालाला टोचणार नव्हता.

"बहनजी, स्पंज है, रसगुल्ला नहीं," दुकानदार वैतागला. "कब तक दबाओगी?"

"रसगुल्ला होता तो अब तक खा लेती, भैया. ये मुँह पे लगना है, देखना पड़ेगा."

घरी तिने स्पंजाच्या कडा कात्रीने गोल केल्या. कोपरा राहिला की रंगाची रेघ उमटते.

आमची रंगभूषा माझा एक मित्र करी. तो पार्सल ऑफिसात कारकून होता. वहिनींचा नवा स्पंज कशाला खराब करायचा, म्हणून त्याने ऑफिसातला आणला. लेबले ओली करण्याचा तो स्पंज. कॉपिंग पेन्सिलचे टोकही त्यावरच ओले केले जाई. या पेन्सिलचे शिसे कोरडे असताना करडे दिसते, पाणी लागले की जांभळे होते. स्पंज वाळलेला होता, दिसायला स्वच्छ. मित्राने तो पाण्यात बुडवून रंगाला लावला आणि माझ्या उजव्या गालावर थापला. पाहता पाहता गाल वांग्यासारखा झाला.

मी उठलो आणि गमछा शोधू लागलो. मित्राने धावत जाऊन पत्नीला बायकांच्या बैठकीतून बोलावून आणले.

"भाऊजी, पार्सल आहे का हे, शिक्का मारायला?"

"वहिनी, दिसायला अगदी चांगला होता हो."

"दिसायला तुम्हीही चांगले आहात. व्हा बाजूला."

मग मला म्हणाली, "बसा."

मी बसलो.

जेवढे जांभळे निघाले तेवढे तिने खोबरेल तेलाने टिपून घेतले. आपला स्पंज भिजवून, पाणी टपकणार नाही इतका पिळला. रंग थोडाच घेतला. ओढला नाही, घासला नाही. हलकेच टेकवत गेली. एक थर वाळू दिला, मग दुसरा लावला.

"दुखतंय?"

"नाही."

"मग डोळे का मिटलेत?"

मित्राने स्पंज थापला तेवढे सोडले, तर दवाखाना सुटल्यापासून त्या गालाला प्रथमच दुसऱ्याचा हात लागत होता, आणि मी मागे सरलो नव्हतो.

नाटक झाले. राजाच्या कानामागे उरलेले जांभळे पाहून पुढच्या रांगेतली मुले हसली. तेवढ्याने काही बिघडले नाही. त्या मित्राचाही मी ऋणी आहे. त्याचा स्पंज स्वच्छ असता, तर तिला कोणी बोलावले नसते.

दुसऱ्या दिवशी शेडवर निघताना खुंटीवर गमछा दिसला नाही. तो अंगणात सावलीला पसरलेला होता आणि त्यावर धुतलेला स्पंज ठेवला होता. उन्हात वाळवला तर तो कडक होतो.

"गमछा हवाय का?" तिने विचारले.

"राहू दे, स्पंज वाळू दे," मी म्हणालो आणि उघड्या चेहऱ्याने कामावर गेलो.