हवेचं भाडं

सदाशिव पेठेतली खोली सोडायची ठरली तेव्हा जुन्या वस्तू विकायच्या एका अॅपवर मी आयुष्यातली पहिली जाहिरात टाकली. तिचं पत्रक झालं. दुसरं काही लिहायला मला येतच नव्हतं. कॉलेजात असल्यापासून मी मागण्या लिहीत आले होते. ‘बसफेऱ्या वाढवा’, ‘पास स्वस्त करा’, ‘उत्तर द्या’. त्याच हाताने लिहिलं:

‘डफ. वापरलेला, सुस्थितीत. वाजवणाऱ्यालाच मिळेल. भिंतीवर टांगणाऱ्यांनी संपर्क साधू नये. पाठवण्याचा संपूर्ण खर्च खरेदीदाराने उचलावा. शक्यतो स्वतः येऊन न्यावा. घासाघीस करणाऱ्यांचा निषेध.’

पहिला निरोप आला तो असा: ‘सभा कधी आहे?’

सभा संपली होती. आम्ही पाच जण होतो. डफ वाजवत बसथांब्यांवर पथनाट्य करायचो, पत्रकं वाटायचो, आणि बस आली की आमचेच प्रेक्षक आम्हाला अर्ध्यात सोडून चढून जायचे. मागणी मान्य झाली की नाटक बंद पडतं, असं आमच्यातला एक जण म्हणायचा. माझी खोली म्हणजे आमचं कार्यालय. डफ माझ्याकडे, भोंगा माझ्याकडे, उरलेली पत्रकं पलंगाखाली. मग एकाला बंगळुरात नोकरी लागली, एकीचं लग्न झालं, एक स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसला तो उठलाच नाही, आणि माझी खोलीतली मैत्रीण गावी परत गेली. भांडून फुटलो असतो तर बरं झालं असतं. भांडणावर निदान पत्रक काढता येतं. आमच्यावर काय काढणार?

आमचा एक नियम होता. कार्यक्रम आटोपून प्रत्येक जण घरी गेला की ग्रुपवर ‘पोचलो’ असं टाकायचं. सगळ्यांचं ‘पोचलो’ आल्याशिवाय कोणी झोपायचं नाही. मी खोलीतच असायचे, तरी मीही टाकायचे. ग्रुप अजून आहे. त्यातला शेवटचा शब्द बंगळुरू स्टेशनवरून आलेला: ‘पोचलो’. त्याच्या खाली कोणी काही लिहिलेलं नाही.

एकटीला त्या खोलीचं भाडं झेपेना. वारज्यात एका मुलींच्या वसतिगृहात कॉट मिळाली. कॉट, कपाट आणि खिडकीचा अर्धा भाग. डफाला जागा नव्हती. भोंगा एका गणेश मंडळाने नेला, तो नेणाऱ्याने जिन्यातच वाजवून पाहिला. डफ राहिला.

जाहिरातीत ‘स्वतः येऊन न्यावा’ असं लिहिलं, त्याचं कारण मी सगळ्यांना सांगायचे की कुरिअरवाले आपटतात. ते खरं होतं, पण कारण ते नव्हतं. मला कोणीतरी जिना चढून यायला हवं होतं. त्याने डफ हातात घ्यावा, दोन थापा माराव्यात, चामडं सैल आहे म्हणावं, मी चहा टाकावा. एवढंच. पण पुण्यात आता कोणी वस्तू आणायला येत नाही. वस्तू यावी लागते.

“खडकीपर्यंत आणून द्याल का?” एकाने विचारलं.

मी लिहिलं, “आपण आलात तर वाजवून दाखवीन.”

“वाजवायचा नाहीये. फोटोच्या मागे लावायचाय.”

“जाहिरात वाचलीत का?”

“वाचली. निषेध कळला. आणून द्याल का?”

दुसऱ्या एका बाईंनी पत्ता विचारला, मजला विचारला, लिफ्ट आहे का विचारलं, आणि मग, “राहू द्या, आमच्याकडे ढोलकी आहे,” असं कळवलं. ढोलकी असताना माझा मजला कशाला विचारत होत्या, ते त्यांचं त्यांना माहीत.

आणि मग एक फोन आला. मुलीचा आवाज. मागे भांड्यांचा आवाज.

“ताई, ते डफडं हाये का अजून?”

डफाला डफडं म्हणणारं पुण्यात कोणी भेटत नाही. मी विचारलं, “कुठून बोलतेस?”

तिने गाव सांगितलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे, आमच्याच भागातलं. माझं गाव तिच्या गावापासून फार लांब नाही. मी ते लगेच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर किंमत कमी करावी लागली असती.

“काय करणार डफाचं?”

“नाटक करतो ना आम्ही. म्हणजे करणार आहो. चौघीजणी आहो. कॉलेजच्या. सध्या ताटावर वाजवतो, पण लोक हसतात.”

“लोक डफावरही हसतात,” मी म्हटलं.

“मंग चालते. डफड्यावर हसले त चालते.”

चौघी. आम्ही पाच होतो आणि संपलो होतो. त्या चौघी होत्या आणि सुरू व्हायच्या होत्या. मला एकाएकी तो डफ दुसऱ्या कोणाला द्यायचाच नव्हता. मी जाहिरात काढून टाकली. तिला सांगितलं, वर्गणी काढा, डफाचे पैसे पाठवा, पाठवायचा खर्च किती ते मी विचारून कळवते.

डफ वजनाला काही नाही. लाकडाचं कडं आणि एक चामडं. पण गोल वस्तूला गोल खोकं कोणी देत नाही. पंख्याच्या दुकानातून मोठं चौकोनी खोकं आणलं, डफ मध्ये ठेवला, तर चारही कोपऱ्यांत मोकळी जागा. ते खोकं एका हातात धरून मी कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्याकडे गेले. त्याने ते काट्यावर ठेवलं, आकडा पाहिलाही नाही, आणि टेप काढून लांबी, रुंदी, उंची मोजायला लागला.

“हे काय?” मी विचारलं.

“ताई, दोन वजनं असतात. एक काट्यावरचं, एक खोक्याचं. जे जास्त ते आम्ही धरतो.”

“आणि जे कमी?”

“ते तुम्ही धरा.”

“अहो, आत हवा आहे.”

“असू द्या की. हवासुद्धा जागा अडवतेच. गाडीत तिच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही.”

त्याने सांगितलेला आकडा डफापेक्षा मोठा होता. म्हणजे डफाहून त्याच्या भोवतीची हवा महाग. मी तिथेच तापले. गावाकडच्या चार मुली ताट वाजवतायत, आणि हे लोक त्यांच्याकडून पुण्याच्या हवेचं भाडं घेणार. हे लुबाडणं आहे, असं मी त्याला म्हटलं. याच्यावर पत्रक काढीन, असंही म्हटलं.

“काढा,” तो म्हणाला. “फक्त पातळ कागदावर काढा. आमच्याकडूनच पाठवणार असाल तर.”

मागे रांगेत उभ्या असलेल्या काकांनी विचारलं, “झालं का भाषण?”

पूर्वी अशा वेळी आम्ही पाच असायचो. एक भांडायचा, दोघं मागून ‘बरोबर आहे’ म्हणायचे, एक काकांना समजवायचा. एकटीने केलेला निषेध नुसता भांडकुदळपणा दिसतो. मी खोकं उचलून परत आले. जिन्यात ते कठड्याला लागलं आणि आतून डफ वाजला.

मुलीला फोन करून आकडा सांगितला. ती म्हणाली, “मंग राहू द्या ताई. आमची वर्गणी डफड्यातच संपली. तुमी दुसऱ्या कोनाले द्या. भिंतीवर टांगनाऱ्याले नका देऊ पन.”

खर्च मी उचलीन, असं म्हणायला हवं होतं. म्हणू शकले नाही, कारण वसतिगृहाची अनामत भरून मीच कोरडी झाले होते. मी म्हटलं, “बघते.” मोर्चा घेऊन गेल्यावर साहेब हाच शब्द म्हणायचे. त्याचा अर्थ आम्हाला पाठ होता.

खोली रिकामी करायची वेळ आली होती. मी अॅपवर पुन्हा जाहिरात टाकायला घेतली. ‘भिंतीवर टांगणाऱ्यांनी संपर्क साधू नये’ ही ओळ खोडली. खडकीच्या माणसाला काय लिहावं याचा विचार करत होते, तेवढ्यात आईचा फोन आला.

“जेवली का?”

“जेवले.”

“जवसाची चटणी केली. पाठवू का व?”

“नको आई. कोण खाणार?”

“तू खाशील ना.”

“एकटीला किती लागते?”

पूर्वी तिचा डबा ट्रॅव्हल्सने यायचा. आमच्या भागातल्या सगळ्यांचेच डबे असे येतात. संध्याकाळी आई गावातल्या चौकात गाडीवर डबा द्यायची, ड्रायव्हरचा नंबर मला कळवायची, आणि सकाळी मी संगमवाडीला जाऊन तो उतरवून घ्यायचे. खोलीवर आणला की पाच जण तुटून पडायचे. तो बंगळुरूचा तर चटणी नुसती खायचा. ते सगळे गेल्यावर डबे पडून राहायला लागले, मग मी आईला सांगितलं, पाठवू नकोस. तेव्हापासून संगमवाडी माझ्या डोक्यातूनच गेली होती.

“बरं, नाही पाठवत,” आई म्हणाली. “तसा तो गाडीवाला विचारत होता. म्हने, पुन्याच्या ताईचं आजकाल काही जात नाही.”

फोन ठेवल्यावर मी खोक्याकडे पाहिलं.

ती गाडी रोज सकाळी पुण्यात येते. म्हणजे रोज संध्याकाळी परत जाते. एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. बसफेऱ्या मोजणारी कार्यकर्ती मी. पण ती गाडी माझ्या लेखी कायम एकाच दिशेने चालायची: गावाकडून माझ्याकडे. मी तिच्यावर कधी काही चढवलंच नव्हतं. चढवायला माझ्याकडे काय होतं? पत्रकं.

पत्रकं अजून पलंगाखाली होती. वसतिगृहात ती न्यायची नव्हती आणि रद्दीत घालायला हात धजत नव्हता. मी ती खोक्याच्या चारही कोपऱ्यांत ठासून भरली. आता आत हवा नव्हती.

संगमवाडीच्या पार्किंगमध्ये गाड्या उभ्या होत्या. आमच्याकडचे लोक पोती, पिशव्या, पोरं घेऊन बसलेले. ड्रायव्हर मला पाहून म्हणाला, “अरे, डब्याच्या ताई. आज तुमचं काही आलं नाही.”

“आज मला पाठवायचंय.”

“तुमाले?” त्याने खोकं उचललं. “काय हाये?”

“डफ.”

“आनं बाकी?”

“कागद.”

त्याने मोजलं नाही. डिकीत दोन पोत्यांच्या मध्ये कुठे बसेल ते पाहिलं, आणि तिथे बसवलं. जे भाडं सांगितलं ते चटणीच्या डब्याचंच. मी विचारलं, “खोकं मोठं आहे, चालेल ना?”

“हलकं हाये ना ताई. मोठं असलं म्हनून काय.”

मी भाडं दिलं, ड्रायव्हरचा नंबर मुलीला कळवला आणि सकाळी गावच्या फाट्यावर खोकं उतरवून घ्यायला सांगितलं. खरेदीदाराने काही उचललं नाही. गाडी सुटेपर्यंत मी उभी राहिले. तसं कारण नव्हतं. माझ्या शेजारी एक बाई मुलाला सोडायला आली होती, ती हात हलवत होती. मी हात खिशात ठेवले.

सकाळी मुलीचा निरोप आला. एकच शब्द: ‘पोचलं.’

मी तो किती तरी वेळ पाहत बसले. मग जुना ग्रुप उघडला आणि ‘पोचलो’च्या खाली लिहिलं: ‘डफ पोचला.’ थोड्या वेळाने बंगळुरूहून एक अंगठा आला. मैत्रिणीचा एक अंगठा आला. कुठे पोचला, हे कोणी विचारलं नाही.

त्याच दिवशी मी खोलीची किल्ली दिली. दोन पिशव्या घेऊन बसथांब्यावर उभी होते, तेव्हा मुलीचा फोन आला.

“ताई, आवाज बसका येते. चामडं ढिल्लं झालं वाट्टे.”

“शेकावं लागतं. वाजवायच्या आधी थोडा जाळ करायचा आणि लांबून तापवायचं. आम्ही उरलेली पत्रकं जाळायचो.”

“म्हनून पाठोली का इतकी? जाळाले?”

मी पिशव्या खाली ठेवल्या.

“आमी नाही जाळली व ताई,” ती म्हणाली. “आमच्याइकडंही कॉलेजच्या वेळेला बस नाही ना. पुन्याचं नाव सोडलं त बाकी सगळं आमचंच हाये. आनं कागद मांगून कोरे हायेत सगळे. त्याच्यावर आमचं लिहू.”

कोरे होतेच. दोन्ही बाजूंनी छापायला आम्हाला कधी परवडलं नाही.

मागे कोणीतरी डफ वाजवत होतं. ताल चुकत होता. तिसरी थाप लवकर पडत होती. मी सांगणार होते, पण ऐकत राहिले. ती म्हणाली, “ठेवू का ताई?” मी सवयीने म्हणून गेले, “हो. घरी पोचलात की कळवा.”

ती हसली. “आमी घरीच आहो ना. तुमी कुठं आहा?”

मी वारज्याच्या बसची वाट पाहत होते.