दाढी नसलेला रावस

बहारीनला उतरण्याआधीच वन्संनी तिथल्या समुद्राला नावं ठेवली. खिडकीकडची जागा त्यांनी मुंबईपासून अडवून धरली होती. विमान वळलं आणि खाली फिकट हिरवं पाणी दिसलं, इतकं उथळ की तळाची वाळूसुद्धा कळत होती. "सुमन, यात मासा उभा तरी कसा राहत असेल गं? पाठ भाजेल त्याची," त्या म्हणाल्या आणि खिडकीची झडप खाली ओढून मोकळ्या झाल्या.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. तरुणपणीच वैधव्य आलं, तेव्हापासून त्या आमच्याकडे अलिबागला असतात. माझी पोस्टातली नोकरी, त्यामुळे माझ्या निखिलला वाढवलं ते त्यांनीच. तो आता बहारीनमध्ये इंजिनियर आहे. तिकिटं त्याने पाठवली, पण लग्नाचा विषय काढायचा नाही या अटीवर. ह्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून घर राखायचं पत्करलं. आम्ही दोघी निघालो आणि निखिलची अट विमानतळाबाहेर पडायच्या आतच मोडली.

विमानतळाला लागूनच मुहर्रक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी निखिल आम्हाला तिथल्या सूकमध्ये (बाजारात) घेऊन गेला. अरुंद गल्ल्या, मातकट रंगाच्या भिंती, नक्षीचे जाड दरवाजे आणि मधूनच डोक्यावरून घरघरत जाणारं विमान. वन्संना दरवाज्यांत काही रस नव्हता. त्यांनी वासाच्या मागावर मासळीवाला गाठला. पांढऱ्या दाढीचा एक बहारीनी म्हातारा "हामूर, हामूर!" म्हणून ओरडत होता. हामूर (आपल्याकडचा हेकरू) हा इथला लाडका मासा. वन्संनी कल्ला उचलून पाहिला आणि मान हलवली. "कालचा आहे म्हणावं त्याला." निखिलने भाषांतर केलं नाही, तरी म्हाताऱ्याला समजलंच. तो हसला, बर्फाखालून दुसरा मासा काढला आणि म्हणाला, "यल्ला (चला), हज्जिया, हा घ्या!" निखिलने सांगितलं की वडीलधाऱ्या बाईला इथे मानाने हज्जिया म्हणतात. वन्सं दिवसभर खुशीत होत्या.

निखिलचं घर माहूजला, चौथ्या मजल्यावर. चहूकडे तशाच इमारती. संध्याकाळी प्रत्येक बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आणि कुठून तरी येणारा फोडणीचा वास. परदेशात आल्यासारखं मला पहिले दोन दिवस वाटलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सित्राला नेऊन लांबूनच आपला कारखाना दाखवला. कंपनीच्या बसमधून माणसं उतरत होती, धुराड्यांच्या टोकाला ज्योत जळत होती. मी फोटो काढले. वन्सं मात्र म्हणाल्या, "हे झालं. आता मला ते इस्पितळ दाखव."

निखिलने गाडी वळवली. साधी पांढरी इमारत होती. वन्संनी गाडीतूनच हात जोडले.

करोनाच्या काळात निखिल या इमारतीत होता. विमानं बंद होती. आम्ही अलिबागला फोनकडे बघत बसायचो. तो वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती. तेव्हा वन्सं बोलून बसल्या होत्या, पोरगं उठून बसलं तर काशीला जाईन. पोरगं उठलं, त्या गेल्या, मीही सोबत गेले. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडायचा, ही आपली जुनी रीत. शहाणी माणसं कारलं सोडतात. वन्संनी रावस सोडला. रावस म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घाटावरच्या गुरुजींनी विचारलं, "कोणतं फळ सोडणार?" त्या म्हणाल्या, "रावस." गुरुजींना ते कोकणातलं एखादं फळ वाटलं असावं. त्यांनी बिनतक्रार हातावर पाणी सोडलं.

हे निखिलला कळू द्यायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली होती. "कळलं तर त्याला घास गिळायचा नाही," एवढंच म्हणाल्या. तो सुट्टीवर आला की त्या पित्ताचं निमित्त सांगत आणि त्याला पापलेट तळून घालत.

आणि आता पाचव्या दिवशी हा मुलगा गाडी चालवता चालवता म्हणतो, "आत्या, आज तुला रावस खायला घालणार आहे. थेट स्कॉटलंडचा! आधीच सांगून ठेवलाय."

मनामातल्या एका मोठ्या हॉटेलात स्कॉटिश पद्धतीची मासळी मिळते. निखिलच्या ऑफिसात त्या जागेचं भारी कौतुक. तिथला सॅमन मासा नामांकित, आणि सॅमन म्हणजेच आपला रावस, असं त्याला ऑफिसातल्या सगळ्या मराठी मंडळींनी छातीठोकपणे सांगितलं होतं. वन्संनी मागच्या सीटवर माझा हात घट्ट धरला. "सांगून टाका," मी पुटपुटले. "तोंड उघडलंस तर बघ," त्या म्हणाल्या.

आत गेलो तर थाट होता. काळसर लाकडाच्या भिंती, चौकड्यांच्या कापडाच्या खुर्च्या, भिंतीवर शिंगं आणि मंद दिवे. पाणी घेऊन आलेला वाढपी चांगला चाळिशीचा, मिशीवाला, कमरेला किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा). छातीवर नाव ग्लेन. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवायला लागले, तेवढ्यात तोच म्हणाला, "काकी, बसा आरामात. मी वसईचा. घागऱ्यावर जाऊ नका, ड्युटी हाय."

वन्संना त्या ताणातही हसू फुटलं.

आधी बर्फावर मांडलेली कालवं आली, लिंबू पिळून कच्चीच खायची. "शिजवायला विसरले का हे?" वन्सं म्हणाल्या, पण खाल्ली. मग कलन स्किंक (धुरावलेला मासा, बटाटा आणि दूध यांचं दाट सूप). माशात दूध म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं, पण पहिल्याच चमच्याला चुलीवरच्या धुराची चव लागली आणि मी वाटी पुसून खाल्ली. वन्सं मात्र एकेक चमचा लांबवत होत्या. सूप संपलं की काय येणार, ते त्यांना माहीत होतं.

आला. पांढऱ्या ताटात केशरी रंगाचा जाड तुकडा, वर लोण्याची चमक, बाजूला हिरवी पालवी. निखिल पुढे वाकून आत्याच्या तोंडाकडे पाहत बसला. लहानपणी चित्र काढून दाखवायचा तेव्हा असाच बघायचा. वन्संनी काटा उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"काय झालं, आत्या? नाही आवडला?" त्याचा चेहरा उतरला. माझा जीव टांगणीला लागला. एकीकडे त्याच्याच जिवासाठी घेतलेलं व्रत आणि दुसरीकडे तोच, हिरमुसला होऊन समोर बसलेला.

वन्संनी चष्मा पुसला. "मला हा मासा आख्खा बघायचाय. डोक्यासकट."

"अगं आत्या, असं नसतं गं इथे!" निखिल कानापर्यंत लाल झाला. पण ग्लेन म्हणाला, "थांबा काकी, विचारतो," आणि आत गेला.

थोड्या वेळाने खुद्द आचारी आला. धिप्पाड, लालबुंद, भरघोस दाढीचा स्कॉटिश माणूस. हातातल्या ट्रेमध्ये बर्फावर आख्खा सॅमन. शेजारच्या टेबलांवरची बोलणी थांबली. वन्सं उभ्या राहिल्या, पदर खोचला, माशाचा कल्ला उचलला, गालफडाखाली बोटं फिरवली, मग दुसऱ्या बाजूने फिरवली.

"याला दाढी नाही!" त्या ओरडल्याच.

रावसाच्या गळ्याखाली पांढरे दोरे लोंबतात, त्याला आमच्याकडे दाढी म्हणतात. निखिलने चाचरत आचाऱ्याला सांगितलं की माझी आत्या म्हणते, तुमच्या माशाला दाढी नाही. आचाऱ्याने आपली दाढी कुरवाळत गंभीरपणे विचारलं, "माझी चालेल का?" सगळं टेबल हसलं.

"हा रावस नव्हे," वन्सं म्हणाल्या. "रावसाचा कुणीही लागत नाही."

निखिलला वाटलं, फसवलं आपल्याला. "सॉरी आत्या, बदलून घेतो," म्हणेपर्यंत वन्सं खाली बसून जेवायला लागल्या होत्या. चांगला मोठा घास. मग दुसरा. "मऊ आहे रे. तिखटमीठ कमी, पण मासा गुणी आहे." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालू होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी निखिलच्या ताटातला तुकडासुद्धा खाल्ला.

ग्लेन रिकाम्या वाट्या उचलत होता. तो सहज म्हणाला, "काकी, हा रावस नाय म्हटल्यावरच तुमी घास घेतलात. रावस सोडलाय ना? आमची मम्मी पण ईस्टरच्या आधी उपासाचे दिवस आले की चहा सोडते. माझ्यासाठीच सोडते, मी गल्फला आलो तेव्हापासून. तुमी कोणासाठी सोडलाय?"

वन्संनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. मी ताटात बघितलं. निखिलने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई?" मग मात्र मला राहवेना. शपथ गेली खड्ड्यात म्हटलं आणि इस्पितळापासून काशीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

त्याने आपली खुर्ची उचलून आत्याच्या खुर्चीला चिकटवली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून जेवला. शेवटी ओट्स, मध, मलई आणि आंबटगोड फळांचा एक गोड पदार्थ आला. तो दोघांनी एकाच चमच्याने संपवला. मला विचारलंसुद्धा नाही.

परत निघायच्या दिवशी विमानतळावरही त्याचं मन त्या रावसातच अडकलेलं होतं. सामान देऊन झालं तसा म्हणाला, "आत्या, ते व्रत आता खलास. मी ठणठणीत आहे. घरी जा आणि पहिला रावस आण. पाप लागलं तर मला लागू दे."

वन्संनी त्याची कॉलर सारखी केली. "तू आजारी होतास तेव्हा विमानं बंद होती. डॉक्टर त्यांचं काम करत होते. मला इथे येता येत नव्हतं, तुझ्या कपाळावर हात ठेवता येत नव्हता. रावस सोडला, एवढंच मला करता आलं. तुझ्यासाठी केलेलं तेवढंच माझ्याजवळ आहे, निखिल. तेही काढून घेतोस?"

ढकलगाड्यांच्या गर्दीत तो वाकला आणि आत्याच्या पाया पडला.

परतीच्या विमानात वन्संना गाढ झोप लागली. इतकी वर्षं त्यांच्यासमोर रावस खाताना मला अपराधी वाटायचं, बिचारीला मिळत नाही म्हणून. त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला, सरळच सांगते.

घरी पोचल्यावर चार दिवसांनी कोळीण दारात आली. टोपलीत ताजा रावस होता. वन्संनी तो पारखून घेतला, साफ केला, तळला आणि ह्यांच्या नि माझ्या पानात वाढला. मग आपल्या पानात वरणभात घेऊन त्या आमच्यासमोर बसल्या आणि पोटभर जेवल्या.