इडलीची चित्राहुती

माझे बाबा भिक्षुकी करतात. बनारसच्या ब्रह्मा घाटाच्या आसपासच्या मराठी घरांतून त्यांना श्राद्धाला, उद्यापनाला जेवायचं बोलावणं येतं, आणि गुरुजींनी पोटभर जेवावं एवढीच यजमानांची इच्छा असते. गेली दोनेक वर्षं बाबांना नेमकं तेच जमत नव्हतं. चार घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, मळमळायचं. सकाळचं जेवण संध्याकाळपर्यंत तसंच बसून आहे असं वाटायचं. पानात अन्न राहिलं की यजमानीणबाई कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. "गुरुजी, आमचं काही चुकलं का?" हळूहळू बोलावणी कमी झाली.

दुर्बिणीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, दोन्ही नॉर्मल. मग आईसुद्धा म्हणायला लागली, "वहम आहे तुमचा, नुसता मनाचा खेळ. जेवायला बसलं की पोटाकडे लक्ष देता, म्हणून दुखतं."

नव्या डॉक्टरांनी मात्र बाबांचं सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, दुर्बिणीतून पोट आतून कसं आहे ते दिसतं, पण ते चालतं कसं, हे दिसत नाही. त्यासाठी किंचित किरणोत्सारी औषध मिसळलेली इडली खायची आणि ती पोटातून किती वेगानं पुढे सरकते, ते कॅमेऱ्यानं चार तास बघायचं.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून बाबांसोबत मला पाठवलं. मी बी.ए.ला आहे, विषय भूगोल. हे मी आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "असू दे, तुला कागद तरी वाचता येतात."

यजमानांची घरं सोडली तर बाबा बाहेरचं शिजवलेलं खात नाहीत.  रिक्षात ते स्वतःच म्हणाले, "औषध म्हणून घ्यायचं. औषधाला सोवळं नसतं." आणि थोड्या वेळानं, "हेही नॉर्मल आलं ना, तर मी पुन्हा कुणाला पोट दाखवणार नाही. वहम तर वहम."

 मी नुसतं "हो" म्हटलं.

तपासणीच्या खोलीत मला दाराच्या काचेबाहेर उभं केलं. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. तंत्रज्ञ तरुण होता, बनारसचाच. त्यानं टेबलावर जाड कागद अंथरला, हातमोजे घालून इडलीची ताटली ठेवली आणि बजावलं, "पंडितजी, दस मिनट में पूरा खतम करना है. एक कण भी नहीं छूटना चाहिए."

बाबांनी मान डोलावली. मग त्यांचा हात आपोआप ग्लासकडे गेला. ताटलीभोवती त्यांनी पाणी फिरवलं, इडलीचे छोटे तुकडे मोडले आणि ताटलीच्या उजव्या बाजूला कागदावर ओळीनं मांडले. चित्राहुती. जेवणाआधी ती घातल्याशिवाय त्यांनी जन्मात घास घेतला नसेल.

"अरे अरे अरे! ई का कर रहे हैं महाराज!" तंत्रज्ञ ओरडला. "दवाई है उसमें!"

"ये हम नहीं खाते," बाबा शांतपणे म्हणाले. "ये जीव-जंतु का भाग है. बाद में कौए को डाल देंगे."

"कौए को?" त्यानं डोक्याला हात लावला. "कौआ उड़ के पूरे बनारस में रेडिएशन बाँटेगा!"

मला हसू आवरेना, आणि रडूही येत होतं, कारण तपासणी आता वाया जाणार असं वाटत होतं. शेवटी मी दारातूनच, भीत भीत म्हटलं, "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, हे औषध आहे. औषधाची चित्राहुती घालतात का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शास्त्राचा प्रश्न आला की ते नेहमी खरोखर विचार करतात, तसा त्यांनी केला. तंत्रज्ञ घड्याळाकडे बघत होता.

"नाही घालत," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

तंत्रज्ञानं चमच्यानं ते तुकडे परत ताटलीत घेतले. बाबांनी डोळे मिटून सगळं खाल्लं. शेवटचे घास अक्षरशः ढकलले. घाम आला होता त्यांना.

मग दर तासाला फोटो, आणि मधल्या वेळात व्हरांड्यात फेऱ्या. दुपारी तंत्रज्ञ आपला डबा उघडताना म्हणाला, "आपके सामने खाने में डर लगता है, कहीं पूछ न लें कि कौए का हिस्सा कहाँ है." बाबा पोट धरून हसले.

शेवटचा फोटो झाल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. पहिल्या चित्रात एक उजळ डाग होता. चौथ्या तासाच्या चित्रात तो पुष्कळ कमी व्हायला हवा होता. झाला होता थोडासाच.

"आपका पेट धीरे चलता है," डॉक्टर म्हणाले. "ये वहम नहीं है." थोडं थोडं, बऱ्याचदा खायचं, तूप-तळण कमी करायचं, औषध नियमित घ्यायचं.

आजार निघाल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. घरी आल्याबरोबर त्यांनी आईला सांगितलं, "नॉर्मल नाहीये हो!" आई आधी घाबरली, मग तिला कळलं. त्या रात्री तिनं त्यांना वाटीभरच मऊ खिचडी वाढली आणि आग्रह केला नाही.

पुढच्या आठवड्यात एका घरी श्राद्ध होतं. मी वाढायला मदत करत होते. बसण्याआधीच बाबांनी यजमानांना सांगून टाकलं, "आमचं पोट हळू चालतं, तपासून आलोय. कमी वाढा, आणि वेळ लागेल." यजमानीणबाई म्हणाल्या, "मग सावकाश होऊ द्या. आम्हाला कुठे जायचंय?"

पंगतीतून आधी कुणी उठायचं नसतं. शेजारचे गुरुजी रिकाम्या पानापुढे बसून कुरकुरले, "तुमच्या पोटापायी आमची दुपारची झोप गेली हो."

"झोपा बसल्या बसल्या," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पानातला वरणभाताचा शेवटचा घास घेतला.