ठणका म्हणजे काय

सांधेदुखीच्या मलमाचा वास आला की मला परदेशातल्या आमच्या बिशान भागातल्या दवाखान्यातला पहिला दिवस आठवतो. भिंतीवरच्या सूचना चार भाषांत होत्या, त्यांत मराठी नव्हती, आणि इंग्रजीच्या वर्गात मी जेमतेम नाव-पत्ता सांगायला शिकले होते. नर्सने माझा भारतीय चेहरा पाहून तमिळ बोलणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या फार मायेने बोलल्या, पण मला एक अक्षर कळलं नाही. सोबत आलेली नात म्हणाली, “आजी, मला सांग, मी त्यांना सांगते.” मी म्हटलं, “गुडघ्यात ठणका लागलाय गं.” ती गोंधळली. “ठणका इज व्हॉट, आजी?” मी गुडघ्यावर हळूहळू मूठ आपटत राहिले. आता मी एकटीच जाते, दुखणं इंग्रजीत सांगते. नातीला त्याचं भारी कौतुक. हल्ली घरीही ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते.