सासूबाईंच्या खोलीतली भयकथा

मुलुंडच्या आमच्या वाचनालयात दर महिन्याला आम्ही आठ-दहा जण कथा वाचायला जमतो. मध्यंतरी गॉथिक कथा घेतल्या होत्या. ओसाड किल्ले, धुकं, बंद तळघरं आणि त्यांत मनातलं पाप घेऊन बसलेली माणसं. शेवटी प्रत्येकाने तशी एक कथा लिहून सगळ्यांसमोर वाचायची, असं ठरलं.

मी बँकेत नोकरी करणारी बाई. किल्ले पाहिले ते शाळेच्या सहलीत. पहिल्या प्रयत्नात मी मनोरीला एक पडका बंगला उभा केला, त्यात वटवाघळं सोडली आणि 'काळाकभिन्न' हा शब्द पानोपानी पेरला. वाचताना मला हसूच आलं.

मग स्वतःला विचारलं, मला खरी भीती कशाची वाटते? उत्तर शेजारच्या खोलीत होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई अंथरुणावर होत्या. त्यांचं अंग पुसणं, भरवणं, सगळं माझ्याकडे. कधी बराच वेळ त्यांची हाक आली नाही की मी त्यांच्या दाराशी थबकत असे. आत जाण्याआधी मनात जे येऊन जायचं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तेच लिहिलं. लख्ख ट्यूबलाइटचा एक फ्लॅट, एक सून, एक म्हातारी. सून म्हातारीच्या मरणाची वाट बघते, म्हातारीला ते ठाऊक आहे आणि ती रडत असते. बाकी काही घडत नाही.

नवऱ्याने ते वाचलं. मग म्हणाला, "झकास आहे. पण आईला कळलं तर वाट लागेल."

"कुणाचं नाव आहे का त्यात?"

"नाव कशाला हवं? आपला पंखा आहे, आपले पडदे आहेत."

फ्लॅट लहान, त्यामुळे हे सासूबाईंनी ऐकलंच. चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "काय लिवलंस ता वाच गो. मी आयकतंय."

मी टाळाटाळ केली. त्या हटल्या नाहीत. शेवटी मान खाली घालून वाचली. वाचून झाल्यावर वर बघायचा धीर होईना.

"ही म्हातारी इतकी रडता कित्याक?" त्यांनी विचारलं.

"तिला सुनेच्या मनातलं कळतं ना, आई."

"कळता मगे रडात कित्याक? ती गप रवतली. हसान पेज मागतली."

मी वर बघितलं. "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"मीय वाट बघलंय, माझ्या सासूच्या मरणाची. माका लिवूक येणा नाय, इतक्याच."

त्या संध्याकाळी मी म्हातारीचं सगळं रडणं काढलं, जड विशेषणंही काढली. ती नुसती हसते आणि पेज मागते. ते वाक्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. अंधाराचं वर्णन न करता अंधार दाखवता येतो, हे मला तेव्हा उमगलं.

वाचनाच्या दिवशी सासूबाई यायला हटूनच बसल्या. ठेवणीतलं नऊवारी नेसून, चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत. नवरा मात्र मागे दाराशी उभा. कथा संपल्यावर कुणी टाळी वाजवेना. मला वाटलं, फसली. मग एका गृहस्थांनी चाचरत विचारलं, "यातली सून... म्हणजे, हे कितपत खरं?"

मी काही जुळवायच्या आत सासूबाईंनी हात वर केला. "म्हातारी ती मी. सून कोण ता तुमी वळखा."

सगळे हसले आणि मग टाळ्या वाजल्या. इतका अभिमान मला बढती मिळाली तेव्हाही वाटला नव्हता, आणि त्यात माझ्यापेक्षा त्यांचाच वाटा मोठा होता. स्वतःच्या आईला सांभाळणारी आमच्या गटातली एक मैत्रीण जवळ आली. तिने माझा हात धरून ठेवला.

आता घरी कुणी आलं की सासूबाई मला कथा आणायला लावतात. पाहुण्यांना आधीच बजावतात, "चाय घेवा, पण ती वाचता तेव्हा मधी बोलू नकात." मग उशीला टेकून, डोळे मिटून ऐकतात. म्हातारी पेज मागते तिथे पाहुण्यांचे चेहरे बघायला मात्र एक डोळा उघडतात.