सकाळी लावा, संध्याकाळी सांगा

माघातला रविवार, सकाळचे दहा. हजर: मी, माझी वहिनी, समोरच्या ब्लॉकमधल्या भाभी आणि भाईंदर पश्चिमेच्या बाजारात सेंट भरून देणारे काका. टेबलावर बाटल्या दोन: वहिनीच्या भावानं दुबईहून आणलेली असली, आणि काकांनी स्वतः मिसळलेली तिची नक्कल.

वास घेण्याआधी काका स्वतःच्या बाहीत नाक खुपसायचे. "आधी नाक धुवायचं, ताई." होडीवर कधी न गेलेला हा कोळी माणूस. सुकटीच्या वासाला कंटाळून पळाला, असं घरचे चिडवायचे. काका हसायचे, "सुकट हाय म्हणून तर माझं सेंट खपतंय!"

नक्कल त्यांनी असली म्हणून कधी विकली नाही. शिशीवर स्वतःच्या अक्षरात लिहायचे, 'सारखं'. पण खात्री पटल्याशिवाय नाही; ती परीक्षा माझ्या मनगटांवर व्हायची आणि निकाल मी कागदावर नोंदवायचे.

त्या दिवशी प्रश्न त्यांच्या गाळ्याचा होता. मुलाला तिथे मोबाईल कव्हरचं दुकान टाकायचं होतं. माझ्या भाचीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायच्या शिशांची ऑर्डर मिळाली, तरच गाळा काकांकडे राहणार होता.

मी उजव्या मनगटाला असली लावली, डाव्याला नक्कल. भाभींनी हुंगून लगेच निकाल दिला, "दोनो सेम है, काका! ऑर्डर पक्का."

"आता न्हाय. सकाळी सगळीच चांगली वाटतात. संध्याकाळी सांगा."

सहाला पुन्हा जमलो. उजव्या मनगटावर वास होता. डाव्यावर काही नाही. मी कागदावर 'सारखं' लिहिलं. माझ्या कागदावरची ती पहिली खोटी नोंद.

काकांनी बाहीत नाक खुपसलं, मग माझी दोन्ही मनगटं हुंगली. "उडाला."

"राहू द्या हो काका," वहिनी म्हणाली. "पाहुणे काय दिवसभर हुंगत बसणारेत?"

"नवरी पण लावंल ना, वहिनी. तिला वाटंल, काकानं फसवलं." आणि माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी माझा शब्द खोडला.

ऑर्डर गेली. गाळाही गेला. आता तिथे रंगीत कव्हरं टांगलेली असतात.

काका मात्र घरी बसून मिसळत राहिले. एका दुपारी तीन जिने चढून आले, धापा टाकत माझ्या हातात शिशी ठेवली. "आता टिकंल. बघा आणि सांगा." पुढच्याच आठवड्यात ते गेले.

शिशी माझ्या कपाटात आहे. वेळ मिळत नाही, असं वहिनीला सांगते. खरं म्हणजे टिकलं, तर कळवायचं कोणाला? झाकण अजून उघडायचं राहिलं आहे.